आधी कान, मग पाय

ठकूमावशी पहिल्यांदा आमच्या अंगणात आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरची सरपणाची मोळी तिने कुंपणाशी टाकली, पदराने मान पुसली आणि "लाकडं घेता का" एवढंही न विचारता समोरची पांढरी कोंबडी सरळ उचलली. तिचं डोकं दोन बोटांत धरून एका बाजूला वळवलं आणि कानाजवळ डोळे नेऊन बघत बसली. कोंबडीला कान असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी दारातून ओरडले, "अहो बाई, काय चाललंय? ठेवा तिला खाली!" तर ही शांतपणे म्हणाली, "लेगान हाय. चांगल्या घरची हाय. हितं कशी आली?" जसं काही मीच ती कुणाच्या घरून पळवून आणली होती!

खरं तर आम्हीच तिथे कसे आलो हे सांगायला हवं. लोणावळ्याला लोक हौसेने जातात. आम्ही गेलो ते नाइलाजाने. हे पुण्याला शाळेत मास्तर. छातीचं दुखणं लागलं, थुंकीत रक्त दिसलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हवा बदला आणि रोज सकाळी कच्चं अंडं दुधात फेटून घ्या, एक दिवससुद्धा चुकवू नका. हवा बदलणं सोपं होतं. रेल्वेच्या चाळींमागे दोन खोल्या आणि एक ओसरी भाड्याने मिळाली. पण अंडं! आमच्या ब्राह्मणाच्या घरात अंड्याचं नावही कुणी काढत नसे. ह्यांनी तीन दिवस पेल्याला हात लावला नाही. मी रडले, भांडले, अबोला धरला. माझ्या पदरात मूल नव्हतं, वय तेवीस, आणि हा माणूस नेमासाठी जीव द्यायला निघालेला. संताप संताप व्हायचा.

मग शेजारच्या इंजिन ड्रायव्हरची भुसावळला बदली झाली. त्याची बायको गोव्याकडची किरिस्ताव, मोठी बोलघेवडी. निघायच्या दिवशी तिने पाच कोंबड्या एकेक करून कुंपणावरून माझ्या हातात दिल्या. "भाभी, तुम रखो. अच्छा अंडा देगा." कुठली कोणत्या जातीची, कुणाला काय मानवतं, हे तिने सगळं घडाघडा सांगितलं आणि मला त्यातलं एक अक्षर राहिलं नाही. मी पाच फडफडणाऱ्या जिवांना कवटाळून उभी. ओसरीवरच्या खाटेवरून हे सगळं बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "आपल्या घरचे दाणे खाते ती आपल्या घरची. तिचं अंडं घ्यायला माझी हरकत नाही. बाजारचं मात्र आणायचं नाही." शब्दाचा कीस काढणारा माणूस! पण मला त्या किसातून वाट मिळाली. देवापुढे साखर ठेवली मी.

अडचण पुढेच होती. पाचांतल्या कोण अंडी घालतात, कोण नुसत्या खातात, काही पत्ता लागेना. कधी दोन अंडी, कधी एकही नाही. आणि अशातच ही बाई मोळी टाकून माझ्या कोंबडीचा कान बघत उभी राहिली.

तिने त्याच बैठकीत पाचीजणींची ओळख करून दिली, विलायती जातींची नावं आपल्या वळणाने घेत. तांबडी ती "आयलंडी", काळी मोठ्या तुऱ्याची ती "मिनारकी", पट्ट्यापट्ट्यांची ती "राक". दोन पांढऱ्यांना मी सख्ख्या बहिणी समजत होते, तर मावशीने दोघींना दोन काखांत धरून माझ्यासमोर आणलं. "हिचा कान बघा. पांढरा. आन हिचा? तांबडा. ही पांढरं अंडं देनार, ती बदामी. येका रंगाची पिसं ल्याली म्हून येक झाल्या व्हय? आदी कान बघायचा, मग पाय. रंग येकदम शेवटाला." मला पटलं नाही. मी दोघींना दोन वेगळ्या पाट्यांखाली कोंडलं. तिसऱ्या दिवशी एका पाटीखाली पांढरंशुभ्र अंडं आणि दुसरीखाली बदामी. मी दोन्ही हातांत दोन अंडी घेऊन ह्यांना दाखवायला पळाले, तर हे हसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले.

मावशी तुंगार्लीची. बारकी, काळीसावळी, दोन ठिगळं लावलेलं लुगडं, नवरा कधीचाच गेलेला. एकुलती लेक बेडशाला दिलेली. खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर तिने वीसेक वर्षं कोंबड्या राखल्या होत्या. बोटीतून पेट्यांमधून यायच्या त्या. साहेब विलायतेला गेला तशी ही परत गावाला येऊन मोळ्या विकू लागली, घरी चार गावठी कोंबड्या तेवढ्या. पण डोळ्याची सवय जाते कुठे? माणूस भेटला तरी तिची नजर आधी त्याच्या कानाकडे जायची. आमचे डॉक्टर एकदा पुण्याहून आले, तर त्यांच्या कानाकडे ती इतका वेळ टक लावून राहिली की ते बिचारे रुमाल काढून कान पुसायला लागले. ते गेल्यावर मी दटावलं, तर म्हणते, "मानूस बरा हाय. पर घालनारा न्हवं, नुसता कुरकुरनारा." हे उशीत तोंड घालून हसत होते.

तेव्हापासून ती रोज सकाळी यायची. खुराडं उघडायची, झाडायची, कोंबडीच्या मागच्या हाडांत बोटं घालून बघायची. दोन बोटं मावली की म्हणायची, "ही घालती हाय." एकच मावलं की, "हिला ऱ्हाऊ द्या, इसावा घेती." मी तिला चहा द्यायचे. खोटं कशाला बोलू, ओसरीच्या कोनाड्यात तिच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असे. ती स्वतःच तो काढायची, स्वतःच धुऊन ठेवायची. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

माझ्या अडाणीपणाने मात्र तिची करमणूक व्हायची. पावसाळ्यात तांबडी आयलंडी दोन दिवस टोपलीतून हलेना. पिसं फुलवून बसलेली, खाईना, अंगाला हात लावला तर चटका बसावा अशी गरम. घरात आधीच एक आजारी माणूस. माझं डोकं एकाच दिशेला चालायचं. मी तुळस, आलं, गवती चहाचा काढा करून चमच्याने तिच्या चोचीत घालायला बसले. तिने माझ्या मनगटाला अशी टोच मारली! तेवढ्यात मावशी आली. काढ्याचा वास घेतला, चमचा बघितला आणि कुंपणाला धरून खालीच बसली. "अवं वैनी, खुडूक झाली ती! ताप न्हाई तिला, पोरं पायजेल तिला!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या तोंडाकडे बघून एकदम थांबली. तांबडीला उचललं, बादलीत दोनदा बुचकळलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हुईल. समद्यास्नी हुतं येळंवर." कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही.

ह्यांचं वजन वाढायला लागलं. खोकला उतरला. दसऱ्याला डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, "आता तोल सुधारण्याकडे गेलाय. हे दोन-तीन महिने फार महत्त्वाचे. अंडं-दूध चुकलं की सगळं पाण्यात." आणि नेमकं त्याच आठवड्यात अंगणात पिसंच पिसं झाली. पट्टेवाली राक तर अशी उघडी पडली की बघवेना. अंडी आटत आटत एका सकाळी पाटीखाली काहीच नाही. मावशीने पाचही जणींची हाडं तपासली आणि मान हलवली. "पिसं बदलत्यात. दीड-दोन महिनं न्हाई घालायच्या. सायबाच्या हितं बी असंच व्हायचं."

मी घाबरले. बाजारातून चार अंडी आणली, गुपचूप दुधात फेटली. पेला ह्यांच्यापुढे ठेवला, तर ह्यांनी विचारलं, "आपली आहेत ना?" मला खोटं बोलता येत नाही, तोंड उघडलं की पकडली जाते. मी नुसती उभी राहिले. ह्यांनी पेला बाजूला सरकवला. "एकदा नेम केला तो केला. आता तो सोयीने मोडायचा म्हटलं तर कशाचाच धरबंध राहणार नाही." मी नको नको ते बोलले. नेम मोठा की बायकोचं कुंकू मोठं, असंही बोलले. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी मावशीसमोर मला रडू आवरेना. तिने सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, "कोंबडीचं काय सांगावं, वैनी. येखादी घालती बी. बगू."

आणि खरंच, दुसऱ्या सकाळी राकच्या पोटाखाली एक अंडं! गरम, ताजं. "बगा, म्हनलं न्हवतं?" मावशी म्हणाली. त्यानंतर रोज एक, एखाद दिवस दोन. मी आनंदाने वेडी झाले. कुठल्या कोंबडीचं, कसं, असा विचार मनात आलाच नाही. हे पेला तोंडाला लावायचे, काही न बोलता रिकामा करायचे.

त्याच दिवसांत तांदळाच्या कण्यांचा डबा मात्र भराभर उतरायला लागला. आधी महिना पुरायचा तो पंधरवड्यात तळाला गेला. कोंबड्यांना दाणे घालायचं काम मावशीचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस बघितलंही, डबा बंद करताना तिने मूठभर कण्या कमरेच्या ओटीत टाकल्या. मी तोडून म्हणाले, "मावशी, पाच कोंबड्या एवढं खातात होय हो?" ती म्हणाली, "थंडीला लय खात्यात, वैनी." दुसऱ्या दिवसापासून डबा मी आत नेऊन ठेवला आणि वाटीभर कण्या मोजून बाहेर द्यायला लागले. त्या वाटीतूनही तिने चिमूटभर उचलून ओटीत टाकलेल्या मी खिडकीतून पाहिल्या. मला इतका राग आला! म्हटलं, इतके दिवस जिला घरची समजले तीच हात मारतेय. उद्या स्पष्ट सांगायचं, उद्यापासून येऊ नका.

तो उद्या उजाडला. मी अंडं फोडायला हातात घेतलं आणि हात थांबला. अंडं बारकं होतं, एका टोकाला निमुळतं, आणि रंग मातकट पांढरा. ना लेगानचं पांढरंशुभ्र, ना बदामी. मी अंडं घेऊन अंगणात आले. एकेक कोंबडी धरून कान बघितला, जसा तिने शिकवला होता तसा. पांढरा कान, तांबडा कान, पांढरा, तांबडा, तांबडा. पाचांतली एकही असलं अंडं देणारी नव्हती. हे गावठी कोंबडीचं अंडं होतं. तुंगार्लीहून आलेलं.

मावशी खुराडं झाडत होती. मी अंडं तिच्यापुढे धरलं. "मावशी, हे कुणाचं?"

"कोंबडीचं."

"कुठल्या कोंबडीचं?"

तिने केरसुणी खाली ठेवली. ओसरीकडे बघितलं. हे डोळे मिटून पडले होते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमाला कान बघायला शिकवलं, हीच माजी चूक झाली." तिनेच पुढे सांगितलं. "मास्तरांचा नेम मला ठावं हाय, वैनी. आजारी मानसाचा नेम मोडवून पाप कोन घील? म्हून मी हितल्या कण्या मूठभर नेती. माज्या कोंबड्यांस्नी त्याच घालती. तुमच्या घरचं दानं खात्यात त्या. आता तुमीच सांगा, घरच्या न्हाईत तर कुनाच्या?"

अहो, जिला मी चोर ठरवलं होतं ती मूठभर कण्या स्वतःसाठी नेत नव्हती. माझ्या नवऱ्याचा नेम शाबूत राहावा म्हणून नेत होती. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला..." तिने हात हलवला. "गप ऱ्हावा. त्यांच्या कानावर गेलं तर समदं मुसळ केरात." मी आत गेले, कण्यांचा डबा जसाच्या तसा बाहेर आणून ठेवला. आणि चहा केला तो आमच्या घरातल्या कपात ओतून तिच्या हातात दिला. तिने कप फिरवून पाहिला. "ह्यो तुमचा हाय." मी म्हटलं, "असू दे. प्या." ती प्यायली, आणि सवयीने धुवायला निघाली तेव्हा मी तो हातातून काढून घेतला. कोनाड्यातला कप मी त्याच दिवशी केरात टाकला.

दोन महिने हे चाललं. मी ह्यांना काही बोलले नाही. रोज सकाळी ते बारकं अंडं दुधात फेटताना वाटायचं, आज विचारतील, उद्या विचारतील; पेला ह्यांच्या हातात दिला की मी लगेच आत पळायचे. ह्यांनी एकदाही विचारलं नाही. पौषात कोंबड्यांना नवी पिसं आली, लेगानने पहिलं पांढरं अंडं दिलं, तेव्हा मावशी आणि मी एकमेकींकडे बघून सुटल्यासारख्या हसलो.

होळीनंतर डॉक्टरांनी पुण्याला परतायला परवानगी दिली. निघायच्या आदल्या दिवशी मावशीची लेक दीड महिन्याचं मूल घेऊन आली, आईला भेटायला. मुलगी गोड, मोकळी. मी तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, मुलाचं कौतुक केलं, तर ती सहज बोलून गेली, "आईनं औंदा येक बी कोंबडी बसवली न्हाई बगा. दर साली दसऱ्याला बसवती. माज्या बाळंतपनाला पिल्लं वाढवनार हुती. सासू म्हनली, तुज्या माहेरात येक कोंबडी बी न्हाई व्हय बाळंतिनीला?" मावशी तिच्यावर खेकसली, "गप गं! लय बोलती." पण मला सगळं कळून चुकलं. उबवायला बसवायची अंडी रोज एकेक करून माझ्या पाटीखाली येत होती.

मी पाची कोंबड्या तिच्या हवाली केल्या. तिने नको म्हटलं नाही. प्रत्येकीला उचललं, डोकं वळवून कान बघितला. रोज बघत होती, तरी बघितला. मग तांबडी लेकीच्या काखेत दिली आणि म्हणाली, "ही बेडशाला ने. चांगली खुडूक बसती." गाडी सुटली तेव्हा ती रुळांच्या पलीकडे पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं, ह्यांच्या कानाकडे.

पुण्यात ह्यांनी अंडं पुन्हा घेतलं नाही. दुखणं गेलं, नेम संपला. मला दोन मुलं झाली. आठ-नऊ वर्षांनी आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांचं कार्ड आलं. इकडच्या तिकडच्या खुशालीच्या शेवटी एक ओळ होती, तुमच्याकडे यायची ती कोंबड्यांची बाई गेली. मी कार्ड वाचून दाखवलं. हे चहा पीत होते. ह्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "ती बारकी अंडी तिचीच होती ना?"

माझ्या हातातलं कार्ड खाली पडलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मी दिवसभर ओसरीवर पडून असायचो. खुराडं समोर होतं. पहिल्या दिवसापासून पाहत होतो."

"आणि तरी घेतलंत?" मला राग आला की रडू आलं, अजून सांगता येत नाही. "मी दिलेला पेला तर बाजूला ढकललात!"

"पहिल्या दिवशी उठून तिला सांगणारच होतो, हे चालायचं नाही म्हणून," हे म्हणाले. "तिने ओटीतून अंडं काढलं. गार असावं. आधी दोन्ही तळव्यांत धरून त्यावर वाफ सोडत बसली, पोराचे हात गार पडले की करतात तशी. मग कोंबडीखाली सरकवलं आणि तिला म्हणाली, 'बस माजे बाई जरा. ऊब दे. त्या मानसाला बरं वाटू दे.' आता त्यावर मी कुठला नेम सांगू? मी डोळे मिटून घेतले."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला कळलेलं मला दिसतच होतं. त्या दिवसापासून पेला हातात दिला की तू लगेच आत पळायचीस. म्हटलं, निदान तुला खोटं बोलायची वेळ येऊ नये. म्हणून मी विचारलं नाही."

दोन महिने आम्ही दोघी ह्यांच्यापासून आणि हे आम्हा दोघींपासून एकच गोष्ट लपवत होते. मी डोळ्याला पदर लावला. हे उठले, कोट चढवला, शाळेला निघाले. दारात थांबून म्हणाले, "उद्या सकाळी एक अंडं फेट माझ्यासाठी."

"घरी कोंबड्या कुठे आहेत आता?"

"बाजारचं आण."

दुपारी मी मंडईत गेले. अंडीवाल्याने मोठी, पांढरीशुभ्र अंडी पुढे केली. मी पाटीत हात घालून, तळातून एक बारकं, मातकट, एका टोकाला निमुळतं अंडं शोधून काढलं. सकाळी दुधात फेटून पेला ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि सावकाश रिकामा केला. अंडं कुठल्या कोंबडीचं, हे विचारलं नाही.